नऊ मिलिमीटरचा हिशेब

कार्बाइन, म्हणजे खांद्याला लावून झाडायची आखूड बंदूक, घ्यायचे ठरवले आहे, असे मी टेक्सासातून फोनवर सांगलीला सांगितले तेव्हा बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘कार्बाइन म्हणजे पोलिसांच्या खांद्याला असायची ती? काळी, नळीवर भोके पाडलेली?’ त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. ते ज्या शस्त्राबद्दल बोलत होते ती स्टर्लिंग जातीची, कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होणारी कार्बाइन होती आणि तिच्यात जे 9 मिलिमीटरचे काडतूस जाते तेच माझ्या बंदुकीतही जाणार होते. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता, की त्यांच्या डोळ्यांसमोरची कार्बाइन चाप दाबून धरला की गोळ्यांची फैर झाडते, तर मला घ्यायची होती ती चाप एकदा ओढला की एकच गोळी सोडणारी, नेमबाजीच्या स्पर्धेसाठी टेक्सासात कोणत्याही परवानाधारक दुकानात मिळणारी बंदूक. भारतात 9 मिलिमीटर हा निषिद्ध बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) असल्यामुळे सर्वसाधारण परवान्यावर ते काडतूस मिळत नाही. त्यामुळे एनसीसीच्या शिबिरात .22 रायफलीच्या मोजून दिलेल्या पाच-पाच गोळ्या झाडलेल्या माझ्यासारख्या माणसाला, डाळ-तांदळासारखी हजाराच्या खोक्यात मिळणारी 9 मिलिमीटरची काडतुसे पाहून सुरुवातीला काहीसे चमत्कारिक वाटले होते.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ओळखीच्या मराठी मंडळींपैकी अनेकांना ती ठाऊक नसते. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला, वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. तो अपवाद वापरून बंदूक घेणारे लोक आहेत, पण स्थलांतराचे कागद अर्धवट असताना असल्या फटीतून जाण्याची माझी हिंमत झाली नाही आणि ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी थांबलो. त्यानंतर 2021 च्या वसंतात मी ग्लॉक 17 हे पिस्तूल घेतले. साथीच्या त्या काळात काडतुसांचा इतका तुटवडा होता की पहिली दोनशे मी प्रत्येकी 70 सेंट देऊन विकत घेतली. बंदुकीची किंमत एकदाच मोजावी लागते, काडतुसाची मात्र प्रत्येक वेळी चाप ओढताना मोजावी लागते, हे तेव्हा खिशाला जे समजले ते पुढच्या सगळ्या निवडीत उपयोगी पडले.

पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाइन कशासाठी, हा प्रश्न मला दुकानदारापासून पत्नीपर्यंत सर्वांनी विचारला आणि तो रास्तही होता. रायफल हवी असेल तर .223 या रायफलीच्या काडतुसाची एआर-15 त्याच किमतीत मिळते, तिची गोळी कितीतरी वेगवान असते आणि ती लांबवर सपाट जाते. माझी कारणे त्यापेक्षा साधी होती. घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या बंदिस्त चांदमारीच्या जागेत रायफलीच्या काडतुसांना मनाई आहे, पण पिस्तुलाचे काडतूस झाडणारी लांब बंदूक तिथे चालते. दुसरे म्हणजे मला स्टील चॅलेंज या प्रकारात उतरायचे होते. त्यात रंगवलेल्या पोलादी पाट्यांवर जवळून गोळ्या झाडायच्या असतात आणि इतक्या जवळून रायफलीची गोळी पाटीला खळगा पाडते, तिचे तुकडे उलट अंगावर येऊ शकतात, म्हणून ती तिथे चालतच नाही. युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशनने 2016 मध्ये या कार्बाइनींसाठी वेगळा विभाग सुरू केल्यापासून त्यांची मागणी वाढत गेली. तिसरे कारण पैशांचे होते. मी खरेदी केली त्या सुमारास 9 मिलिमीटरचे साधे सरावाचे काडतूस साधारण 25 सेंटला, तर .223 चे त्याच्या दुप्पट भावाने मिळत होते. वर्षाला तीन हजार काडतुसे झाडायची म्हटली तर हा फरक साडेसातशे डॉलरांचा होतो, म्हणजे जवळजवळ एका बंदुकीचा.

या हिशेबाला एक छेद आहे आणि तो मी स्वतःपासून लपवला नाही. .22 चे काडतूस सात-आठ सेंटला मिळते, तेव्हा निव्वळ स्वस्ताईच पाहायची असेल तर 9 मिलिमीटरचा दावा तिथेच संपतो. पण .22 ची गोळी ज्यांत चालत नाही असे सामनेही मला खेळायचे होते. त्यांत गोळीचे ग्रेन या छोट्या मापातील वजन आणि तिचा सेकंदाला फुटांतील वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागल्यावर येणारा आकडा किमान 125 असावा लागतो. 115 ग्रेनची गोळी सोळा इंची नळीतून सेकंदाला तेराशे फुटांच्या आसपास निघते, म्हणजे आकडा दीडशेच्या जवळ जातो आणि काळजी उरत नाही. शिवाय पिस्तूल व कार्बाइन यांना एकच खोके पुरते, ही सोय कागदावर दिसते त्याहून मोठी आहे.

त्यानंतरचे तीन महिने मी बंदुका पाहण्यात, भाड्याने घेऊन झाडण्यात आणि क्लबातल्या लोकांकडून मागून वापरून पाहण्यात घालवले. सर्वांत स्वस्त होती ती ओहायोत तयार होणारी हाय-पॉइंट 995. तीनशे डॉलरांच्या आसपास किंमत, दिसायला ओबडधोबड, पण आयुष्यभराची हमी. ज्या गृहस्थांकडे ती होती त्यांनी तिच्यातून काही हजार गोळ्या झाडल्या होत्या आणि ती अडत नव्हती. मला अडचण वाटली ती तिच्या दहा काडतुसांच्या मॅगझीनची, म्हणजे काडतुसे भरायच्या पेटीची, कारण एका फेरीत पाच पाट्या असल्या तरी चुकलेल्या नेमांची भर धरता दहा हा आकडा सतत मानेवर बसतो, आणि माझ्याकडची ग्लॉकची पाच मॅगझीन तिला चालणार नव्हती.

केल-टेकची सब-2000 ही मधोमध दुमडून जवळजवळ सोळा इंचांची घडी होणारी, चार पौंडांच्या आसपास वजनाची बंदूक पाहताक्षणी आवडते. ती ग्लॉकची मॅगझीन घेते आणि लॅपटॉपच्या पिशवीतही मावते. मी मित्राची बंदूक घेऊन पन्नास गोळ्या झाडल्या. गाल जिथे टेकवायचा तिथे एक उघडी नळी आहे आणि प्रत्येक गोळीला तिचा ठोसा गालफडाच्या हाडावर बसतो. विसाव्या गोळीनंतर मी नेम धरण्याऐवजी गाल कसा वाचवावा याचाच विचार करू लागलो होतो. शिवाय त्याच्याकडे होती त्या जुन्या रचनेत नळीच वरून मागे दुमडते, त्यामुळे वर नेम धरण्याचे लाल ठिपक्याचे भिंग बसवले की घडी करताना ते आड येते. पुढच्या पिढीत कंपनीने हा दोष दूर केला आहे, पण गालाचे काय ते मला तपासता आले नाही.

उलट टोकाला सिग एमपीएक्स होती. ती भाड्याने घेऊन झाडली आणि ती का महाग आहे हे पहिल्या दहा गोळ्यांतच कळले. इथे थोडे खोलात जावे लागेल, कारण या बंदुकांच्या किमतीतला निम्मा फरक याच एका गोष्टीचा असतो. बहुतेक स्वस्त कार्बाइनींमध्ये गोळी सुटताना बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता पोलादी तुकडा, कशातही अडकवलेला नसतो. केवळ त्याचे वजन आणि मागची स्प्रिंग यांच्या जोरावर तो काडतुसाची पुंगळी क्षणभर रोखून धरतो, म्हणून तो मुद्दाम जड करावा लागतो. तो जड तुकडा मागे जाऊन आदळतो, पुन्हा पुढे येऊन आदळतो आणि भिंगातला ठिपका दोन्ही वेळा हलतो. पिस्तुलाची दुबळी गोळी झाडणारी ही बंदूक .223 च्या एआरपेक्षा अधिक धसमुसळी का वाटते, याचे उत्तर त्या बोल्टच्या वजनात आहे. एमपीएक्समध्ये मात्र बोल्ट फिरून कुलूपबंद होतो आणि वायूच्या दाबाने उघडतो, त्यामुळे तो हलका ठेवता येतो आणि ठिपका पाटीवरून फारसा हलत नाही. मला ती फारच आवडली. पण तिची किंमत दोन हजार डॉलरांच्या वर होती आणि एकेक मॅगझीन साठ डॉलरांच्या पुढे. मी ज्या बंदुकीवर येऊन थांबलो तिच्यापेक्षा ती चौदाशे डॉलरांनी महाग होती आणि तेवढ्या पैशांत 5,600 काडतुसे येतात. माझ्यासारख्या मध्यम कुवतीच्या नेमबाजाला उत्तम बंदूक आणि तुटपुंजा सराव यांपेक्षा बरी बंदूक आणि दोन वर्षांचा सराव अधिक गुण मिळवून देईल, यात मला शंका नव्हती.

मधल्या पट्ट्यात झेक बनावटीची स्कॉर्पियन होती, हजार डॉलरांची आणि स्वतःच्या वेगळ्या मॅगझीनची, आणि 2023 मध्येच बाजारात आलेली स्मिथ अँड वेसनची एफपीसी होती. एफपीसी आडवी दुमडते, म्हणून भिंग जागेवर राहते आणि दस्त्यात दोन जादा मॅगझीन ठेवण्याची सोय आहे. माझ्याकडे त्या कंपनीचे पिस्तूल असते तर मी डोळे मिटून तीच घेतली असती. नव्याने सहा मॅगझीन घ्यायची म्हणजे दोनशे डॉलरांची भर पडणार होती आणि शिवाय सामन्याच्या पिशवीत दिसायला सारखी पण एकमेकांत न बसणारी मॅगझीन ठेवण्याचा घोळ झाला असता.

शेवटी रुगरची पीसी कार्बाइन घेतली. ती 2017 च्या अखेरीस 649 डॉलरांच्या छापील किमतीला बाजारात आली होती. मॅगझीन जिथे बसते तो भाग बदलता येतो, एक तुकडा रुगरच्या मॅगझीनसाठी आणि दुसरा ग्लॉकच्या. बोल्ट मोकळाच असला तरी त्याच्या आत टंगस्टनचे एक सरकते वजन ठेवलेले आहे. बोल्ट मागे पोचल्यावर ते किंचित उशिराने पोचते आणि आदळण्याची धार कमी करते. एमपीएक्सची मऊ चाल तिला येत नाही, पण गालही सडकून निघत नाही. चापाचे भाग त्याच कंपनीच्या 10/22 या जुन्या .22 रायफलीचे आहेत, त्यामुळे ते दुरुस्त करणारा आणि सुधारणारा माणूस गावोगावी सापडतो.

खरेदीच्या दिवशी बंदूकखरेदीचा संघीय फॉर्म 4473 भरताना मी एनसीसीच्या परेडला उभा असल्यासारखा ताठ बसलो होतो. जन्मस्थान, नागरिकत्वाचा देश, ग्रीन कार्डावरचा क्रमांक आणि त्यानंतर ही बंदूक आपण स्वतःसाठीच घेत आहात ना, हा प्रश्न. दुसऱ्यासाठी घेऊन आपल्यासाठी आहे असे लिहिणे हा गंभीर गुन्हा आहे आणि दुकानदार ते तोंडी पुन्हा विचारतो. मग एफबीआयच्या यंत्रणेकडे चौकशी जाते. माझ्या पुढच्या दोघांना पाच मिनिटांत होकार आला, मला मात्र ‘विलंबित’ असा शेरा आला. दुकानातल्या माणसाने खांदे उडवून सांगितले की परदेशी जन्माच्या ग्राहकांच्या बाबतीत हे त्याने बरेचदा पाहिले आहे आणि तीन कामकाजाच्या दिवसांत नकार आला नाही तर कायद्याप्रमाणे त्याला बंदूक देता येते. दुसऱ्या दिवशी दुपारी होकार आला. पैसे देऊन झालेले आणि हात रिकामे, अशी एक रात्र गेली, एवढेच.

वहीतला हिशेब असा आहे. बंदूक 579 डॉलर, त्यावर 8.25 टक्के विक्रीकर 47.77. लाल ठिपक्याचे भिंग 140. सत्तावीस काडतुसांची तीन मॅगझीन 54. पट्टा 35, पिशवी 45. एकूण नऊशे. भिंगाच्या आकड्यापुढे एक खोडलेली नोंद आहे. आधी मी साठ डॉलरांचे एक अनोळखी भिंग घेतले होते, आणि तिसऱ्या वेळच्या सरावात धक्क्याने त्याचा ठिपका मिणमिणून विझला. ते पैसे मी एकुणात धरले नाहीत, कारण ते माझ्या हावेचे होते, बंदुकीचे नव्हते. बंदुकांची तिजोरी मी पिस्तूल घेतले तेव्हाच आली होती. टेक्सासात सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ती निष्काळजीपणे ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो नसता तरी घरात नऊ वर्षांची मुलगी असताना पत्नीने तिजोरीवाचून बंदूक उंबरठ्याच्या आत येऊ दिली नसती.

बंदूक घरी आल्यावर मी पहिल्यांदा तपासली ती तिची जोडणी. या कार्बाइनीचे दोन भाग होतात. पुढच्या प्लास्टिकखालची कळ ढकलून नळी फिरवली की ती हातात येते. भिंग मागच्या भागावर बसते आणि नळी पुढे वेगळी होते, तेव्हा पुन्हा जोडल्यावर नेम तोच राहतो का, यावर तिची निम्मी उपयुक्तता ठरते. पन्नास यार्डांवर नेम जुळवून मी पाच गोळ्या झाडल्या, बंदूक उघडली, जोडली, पुन्हा पाच, असे पाच वेळा केले. गोळ्यांचा झुबका इंचभराहून अधिक सरकला नाही. सांध्यावरची कंगोऱ्यांची गोल कडी मात्र नीट आवळून ठेवावी लागते. ती ढिली असताना मी केलेली सहावी फेरी कागदावर अशी विखुरली की तो कागद मी कुणाला दाखवत नाही. पन्नासला जुळवलेल्या नेमाने शंभर यार्डांवर गोळी जवळजवळ सहा इंच खाली लागते, म्हणजे या काडतुसाची मजल साधारण कुठे संपते ते आपोआप दिसते.

दोष दोन. पावणेसात पौंडांची ही बंदूक हातात घेतली की तिचे तोंड जड लागते, कारण नळी जाड आहे. स्टील चॅलेंजमध्ये सुरुवातीला बंदुकीचे तोंड खाली, समोर रोवलेल्या खुणेवर रोखून उभे राहायचे असते आणि ‘बीप’ झाल्यावर ते पहिल्या पाटीवर उचलायचे असते. या स्पर्धेतल्या पाट्यांच्या मांडणीचे आठही प्रकार पूर्ण खेळले तर किमान 195 गोळ्या लागतात, म्हणजे बंदूक एकोणचाळीस वेळा उचलायची. ऑगस्टमधल्या टेक्सासच्या उन्हात शेवटच्या दहा-बारा वेळा माझा डावा दंड थरथरू लागला. दुसरा दोष काजळीचा. मोकळ्या बोल्टच्या बंदुकीत धूर मागे येतो. सामन्यानंतर मॅगझीन भरणारी बोटे अशी काळी होतात की पत्नीने न्हाणीघरात माझ्यासाठी वेगळा साबण ठेवला आहे.

त्याऐवजी मिळाले ते असे. ‘स्मोक अँड होप’ या प्रकारात अठरा बाय चोवीस इंचांच्या चार मोठ्या पाट्या आणि घड्याळ थांबवणारी एक गोल पाटी असते. पाच वेळा खेळायचे आणि सर्वांत मंद वेळ वगळायची. पिस्तुलाने मला जेवढा वेळ लागायचा त्याच्या सुमारे दोन-तृतीयांशात कार्बाइनने काम होते. दस्ता खांद्याला, गाल प्लास्टिकला, ठिपका डोळ्यासमोर, आणि पाटीचा ‘टण्’ आवाज येण्याआधी नजर पुढच्या पाटीवर गेलेली असते. पिस्तुलात जी चूक मनगटात लपायची ती इथे लपत नाही, आणि गंमत म्हणजे चापावरचे बोट सुधारले ते पिस्तुलातही दिसू लागले.

दोन वर्षांत 5,400 काडतुसे झाली. दोनदा बंदूक अडली, दोन्ही वेळा एकाच स्वस्त नकली मॅगझीनने दगा दिला आणि ते मी कचऱ्यात टाकले. नऊशे डॉलर या गोळ्यांवर वाटले तर प्रत्येकीवर साडेसोळा-सतरा सेंट पडतात. काडतुसाचे 25 त्यात मिळवले तरी बेचाळीस होतात, म्हणजे बंदुकीची किंमत धरूनही मी .223 च्या नुसत्या काडतुसापेक्षा स्वस्तात खेळलो. पण याच भागाकाराचा दुसरा अर्थ असा की वर्षाला दोनशे गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांनी हीच बंदूक गोळीमागे सव्वादोन डॉलरांना पडेल आणि मग तिची तारीफ करण्यात काही अर्थ नाही.

हे मी मंडळाच्या दिवाळी फराळाच्या वेळी एका सातारकर काकांना सांगितले. निवृत्तीनंतर त्यांना चांदमारीची हौस लागली होती आणि त्यांनी माझ्याच बंदुकीची चौकशी चालवली होती. महिन्यातून एकदा, तास-दीड तास, तोही थंडीवाऱ्यात नाही, असा त्यांचा बेत होता. मी म्हटले, ‘काका, तुम्ही 10/22 घ्या. 1964 पासून ती बाजारात आहे, चाप माझ्याच बंदुकीचा आहे, आणि पाचशे काडतुसांचे खोके चाळीस डॉलरांच्या आत येते.’ ते जरा हिरमुसले, कारण त्यांना कार्बाइन हा शब्दच आवडला होता. पण पुढच्या महिन्यात त्यांनी ती घेतली, आणि आता शनिवारी मी माझी 195 संपवून बोटांची काजळी पुसत असतो तेव्हा शेजारच्या गाळ्यात ते चौथ्या-पाचव्या मॅगझीनवर असतात, आणि ‘अरे, तुझं झालं एवढ्यात?’ असे न चुकता विचारतात.